आपल्या मापाचा स्वेटर



आज एक साधा प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही आजवर विणलेले स्वेटर कोणाकोणाच्या अंगावर गेले, ते जरा बोटांवर मोजा. थोरल्या मुलाचा पहिला, शाळेचा गडद निळा. नवऱ्याचा बिनबाह्यांचा, रात्रपाळीसाठी. जावेच्या बाळाचा, टोपी-मोज्यांसकट. सासऱ्यांचा मफलर. शेजारणीच्या मुलीचा, कारण तिला 'नाही' म्हणवले नाही. आता त्यात तुमचे स्वतःचे किती? विहारात जमलेल्या बायकांना आम्ही हे विचारले तेव्हा आधी हशा पिकला आणि मग थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. एकीने आजवर अकरा स्वेटर विणले होते. ती स्वतः मात्र नवऱ्याचा जुना, कोपरावर विरलेला स्वेटर घालून बसली होती, बाह्या दोनदा दुमडून.

आजचे सदर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

आमचा शिळफाटा म्हणजे मुंब्र्याजवळचा नव्हे. हा खालापूर तालुक्यातला, खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. कोकणात कसली आली थंडी, असे बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी डिसेंबरच्या पहाटे फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहावे. दिवसा ऊन चटकते, पण रात्री घाटावरून वारा खाली उतरतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही. पाळी संपवून सायकलीवरून घरी येणाऱ्या माणसाच्या छातीत तो थेट घुसतो. या पट्ट्यात पोलादाचे, पाइपांचे, कागदाचे कारखाने उभे राहिले. त्यातले काही चालू आहेत, काहींना टाळे लागले. पण पहाटेचा डबा करणारी बाई त्या वेळीही चारला उठत होती आणि आजही उठते.

शिवाय आमच्या फाट्याची एक गंमत आहे. इथून तीन वाटा निघतात आणि तिन्ही आपल्याच आहेत. एक मुंबईची. ६ डिसेंबरला खोपोली लोकल धरायची, कर्जतमार्गे दादरला उतरायचे आणि चैत्यभूमीच्या रांगेत समुद्राचा वारा खात रात्र काढायची. दुसरी पेणवरून महाडची, २५ डिसेंबरला. तिसरी घाट चढून पुण्याकडे. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला माणसे अपरात्री निघतात आणि लोणावळा येईपर्यंत उघड्या टेम्पोत दात वाजू लागतात. म्हणून आमच्याकडे स्वेटरची मुदत पंचांग पाहून ठरत नाही, या तीन तारखांनी ठरते. ६ डिसेंबरला गळा राहिला तर २५ ला नक्की, आणि २५ लाही नाही जमले तर कोरेगावला जाताना टेम्पोतच शेवटचे टाके बंद करणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत.

सुरुवात कधी करावी? आमच्या अनुभवाने आश्विन पौर्णिमा उत्तम. वर्षावास संपलेला असतो, पुढचा महिना कठिण चीवरदानाचा. भातकापणी करणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी, त्यांना दिवाळीनंतरच सवड. हिशेब असा आहे. ३६ इंच छातीचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर १० नंबरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीने विणला, तर साधारण एका इंचात ६ टाके आणि ८ ओळी बसतात. मागच्या भागाला ११० च्या आसपास टाके आणि १९० च्या आसपास ओळी. म्हणजे एकट्या पाठीचे २१,००० टाके झाले. पुढचा भाग जवळपास तेवढाच. दोन बाह्या मिळून २०,०००. सगळे मिळून ६०,००० च्या वर टाके भरतात. हात बसलेली बाई मिनिटाला २५ टाके घालते असे धरले, तरी ४० तास लागले. रोज एक तास मिळाला तर ४० दिवस. आश्विन पौर्णिमेला घेतलेला स्वेटर डिसेंबरच्या तोंडावर होतो तो असा.

हा आकडा आम्ही मुद्दाम दिला. घरातली मंडळी म्हणतात, "बसल्या बसल्या काहीतरी विणत असते." काहीतरी नव्हे. ६०,००० टाके. आणि तो रोजचा एक तासही सलग मिळत नाही. तो डाळ शिजेपर्यंतच्या दहा मिनिटांतून, नळाच्या रांगेतून आणि लोकलमधून वेचावा लागतो. खोपोली ते कर्जत पंधरा किलोमीटर. बसायला जागा मिळाली तर पाच-सहा ओळी होतात.

आता खऱ्या आनंदाकडे येऊ. विणताना आनंद असतोच, पण तो थोडा झोपाळलेला असतो. हात चालतात, गप्पा चालतात. पूर्ण होण्याचा आनंद निराळा. चारही भाग विणून होतात तेव्हा ते काही देखणे दिसत नाहीत. कडा गुंडाळलेल्या, बाह्या वेड्यावाकड्या, जणू चार फडकी. नवख्या मुली इथेच खट्टू होतात. मग खांदे जोडायचे. खांदे जुळले की फडक्यांना पहिल्यांदा माणसाचा आकार येतो. नंतर गळ्याच्या कडेने एकेक टाका उचलायचा, मोजून, डावीकडे जितके तितकेच उजवीकडे, आणि एक सुलट एक उलट अशी इंचभर पट्टी विणायची. गळ्याचे टाके बंद करताना हात सैल ठेवावा. घट्ट बंद केले तर सुंदर झालेला स्वेटर डोक्यातून जातच नाही, आणि मग मूल रडते, आई चिडते. मग बाह्या बसवायच्या, बगलेपासून खालपर्यंत शिवण घालायची, लोकरीची सुटलेली टोके मोठ्या सुईने आतल्या बाजूला दडवायची. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे. ते टाळलेले स्वेटर पहिल्या धुण्यात उसवतात.

शेवटी कोमट पाण्यात हलका धुवून, न पिळता, टॉवेलवर आडवा पसरून वाळवायचा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो आणि छातीचा स्वेटर गुडघ्याला येतो. वाळेपर्यंतचा तो एक दिवस निघता निघत नाही. बाई दर अर्ध्या तासाने जाऊन हात लावून पाहते.

आणि मग तो घालायचा. डोके आत जाते, क्षणभर अंधार आणि लोकरीचा वास, आणि गळ्यातून डोके बाहेर येते. खांदा खांद्यावर बसलेला असतो. मनगटाची पट्टी मनगटाला धरते, ना घट्ट ना ढिली. खाली पाहिले की ती ओळ दिसते, जिथे लौजी स्टेशन गेल्याचे कळले नव्हते आणि टाका उलट पडला होता. दुसऱ्या कोणाला तो दिसत नाही. बाजारातून आणलेला स्वेटर ऊब देतो, यात शंका नाही. पण त्यात आपले चाळीस तास नसतात.

आपल्याला हा आनंद जरा जास्त का व्हावा, याचे कारण जुने आहे आणि ते आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय घालावे ते लिहून ठेवले आहे. मेलेल्यांची वस्त्रे. दागिने लोखंडाचे. हे नुसते पोथीत राहिले नाही. गावात मढ्यावरचे कापड महाराला मिळे, आणि तो त्याचा 'हक्क' म्हणून सांगितला जाई! सणासुदीला पाटलाच्या वाड्यातून जुनेर मिळे. येसकराच्या हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. ती घोंगडी धनगराने कातरलेल्या लोकरीची, सणगराने मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. ऊन, पाऊस, थंडी सगळ्याला तीच. पण घोंगडीला माप नसते. जुनेराला दुसऱ्याचे माप असते. मढ्यावरच्या कापडाला तर मापाचा प्रश्नच नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगाचे माप कोणी कधी घेतलेच नव्हते. त्यांच्या खांद्याची रुंदी किती, हाताची लांबी किती, हे जाणून घ्यावे असे कोणाला वाटले नाही.

तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्या याच जिल्ह्यात, महाडला, जाळली गेली. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळे बोलणे केले. कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या. कोणता कपडा घालावा आणि कोणत्या धातूचा दागिना घालावा यावर बंधन घालण्याचा हक्क कोणालाही नाही, असा त्या सांगण्याचा आशय होता. आपली जात दुरून ओळखू येईल अशा नेसण्याची आणि गळाभर, हातभर कथलाच्या दागिन्यांची त्यांनी रजा घ्यायला सांगितली. आणि बायका नुसत्या ऐकून गेल्या नाहीत. परत जाताना त्यांचे लुगडे नेसण्याची तऱ्हा बदललेली होती. वर्षानुवर्षे जे अंगावर लादले गेले ते एका भाषणानंतर उतरवायचे, हे लहान काम नाही. स्वतः बाबासाहेब अंगाबरोबर बसणारा, नीट बेतलेला सूट घालीत. त्यांचे कपडे नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवले आहेत. नागपूरला जाल तेव्हा मुलांना घेऊन ते अवश्य पाहा.

इथे एक शंका येईल. हाताने विणा म्हणता, म्हणजे तुम्ही चरख्याच्या वाटेने चाललात काय? मुळीच नाही. यंत्राशी आमचे वैर नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे तर यंत्र हवे, कारण यंत्रामुळे फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे आपल्याला नीट समजते, कारण आपले हात कधी रिकामे नव्हतेच. लाकडे फोडली, सांगावे पोहोचवले, मेलेली ढोरे ओढली. सगळे दुसऱ्याचे आणि पुष्कळसे फुकटचे. स्वेटर विणणाऱ्या बाईच्या हातांनाही काम आहे. फरक एवढाच की हे काम तिने निवडले आहे, वेळ तिचा आहे, आणि काम झाल्यावर वस्तू तिच्याकडे राहते. वेठीला हे तिन्ही नव्हते.

म्हणूनच "घरबसल्या विणकाम करा आणि कमवा" असे कोणी सांगत आले तर आधी हिशेब मांडा. रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांत तयार स्वेटर मिळतो. विणण्याचे यंत्र इंग्लंडात १५८९ सालीच निघाले, त्यालाही चारशेहून जास्त वर्षे झाली. त्याच्याशी बोटांनी शर्यत लावू नये. चाळीस तासांची मजुरी आणि अर्धा-पाऊण किलो लोकरीचे पैसे कोण देणार? पोटासाठी शिक्षण, नोकरी, धंदा पाहा. ज्यांना खरोखर मागणी येते त्यांनी तासांचा मोबदला खणखणीत सांगावा आणि 'आपलीच आहे' म्हणणाऱ्यांनाही तोच सांगावा.

तरीही हातातली कला ही बाईचा आधार असते, हे तथागतांच्या काळातही दिसते. अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या गृहस्थ जोडप्याची कथा आहे. भग्ग देशातले हे दोघे. नकुलपिता फार आजारी पडतो, जगतो की नाही असे होते. तेव्हा नकुलमाता त्याला सांगते की, मनात काळजी ठेवून मरू नका. माझ्यामागे ही मुले कशी वाढवील, घर कसे चालवील, असे तुम्हाला वाटत असेल. पण मी सूत कातण्यात आणि लोकर विंचरण्यात निपुण आहे, मुलेही वाढवीन आणि घरही चालवीन. तिचे सगळे बोलणे ऐकून नकुलपित्याचा आजार उतरतो. पुढे तो काठी टेकत भगवंतांकडे जातो, तेव्हा भगवंत त्याला म्हणतात की, अशी हिताचा उपदेश करणारी पत्नी मिळाली हा तुझा मोठा लाभ आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची एक उपासिका आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून लोकरीच्या कामाचे नाव घेते, हे वाचले तेव्हा आम्हाला फार जवळचे वाटले. पोथ्यापुराणांतल्या सती जाणाऱ्या नायिका आपल्या मुलींना पुष्कळ ऐकवल्या जातात. त्यांच्याजागी ही सांगावी.

विहारात दुसरी शंका एका आजींनी काढली. "अगं, नवा स्वेटर घालून मिरवायचे, आरशात बघायचे, ही तृष्णा नाही का?" प्रश्न खरा होता, म्हणून उत्तर शोधले. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत: अत्थिसुख, भोगसुख, अनणसुख आणि अनवज्जसुख. आपल्या कष्टाचे, आपल्या बाहुबळाने आणि घामाने, धम्माला धरून मिळवलेले आपल्यापाशी आहे, हे पहिले. ते स्वतः उपभोगणे आणि त्यातून दानपुण्य करणे, हे दुसरे. कोणाचे ऋण नाही, हे तिसरे. आणि काया, वाचा, मनाने आपण निर्दोष आहोत, हे चौथे. शेवटचे सर्वांत मोठे, बाकीची तिन्ही त्याच्यापुढे लहान. पण लहान म्हणजे वाईट नव्हेत. भगवंतांनी त्यांना सुखच म्हटले आहे. उधारी न करता आणलेली लोकर, आपल्या हातचे ६०,००० टाके, आणि तो स्वेटर आपणच घालणे. आजींना आम्ही एवढेच म्हटले की पहिली तीन तर इथेच झाली, चौथ्याचे तुम्ही सांभाळा. आजी हसल्या आणि आपल्या सुनेला म्हणाल्या, मला बिनबाह्यांचा चालेल.

आजींच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. पूर्ण करायचे काम पुष्कळदा इथेच अडते. विणणे अंधारातही होते, जोडणे होत नाही. त्यासाठी आमच्याकडे रविवारी दुपारी वंदनेनंतर सगळ्या जणी विणलेले भाग घेऊन बसतात. शाळेतल्या मुली दोरा ओवतात, एक जण खांदे जोडते, दुसरी बाही बसवते, आणि दोन महिने पिशवीत पडलेला स्वेटर तासाभरात उभा राहतो. यात नवे काही नाही. कठिण म्हणजे मुळात कापड ताणून शिवण्याची लाकडी चौकट. कठिण चीवर त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पूर्ण व्हावे लागते, आणि ते एकट्याचे काम नसल्याने संघाने मिळून करायचे असते. धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांचे चीवर शिवण्याचा प्रसंग आहे. महाकस्सप, सारिपुत्त आणि आनंद शिवायला बसले होते, भिक्खू दोरा वळत होते, आणि सुईत दोरा ओवायला स्वतः भगवान बुद्ध होते. विहारात दोरा ओवणाऱ्या मुलींना हे सांगितले, तेव्हापासून त्या कामासाठी भांडणे होतात.

लोकरीबद्दल थोडे सांगतो. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक मेंढीची नसते. ती अॅक्रिलिक, म्हणजे कारखान्यात केलेला धागा. स्वस्त, धुवायला सोपी, कसर लागत नाही, रंग टिकतो. पण ती आगीपाशी वितळते आणि कातडीला चिकटते. भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाला हा स्वेटर घालून कामावर पाठवू नका. येता-जाता ठीक, भट्टीपाशी सुती. स्टोव्हजवळ बसताना आणि विहारात मेणबत्ती लावताना बाही आवरा. अशा स्वेटरवर गरम इस्त्रीही फिरवू नये. एकदा चपटा झालेला पुन्हा फुगत नाही, आणि ऊब त्या फुगीरपणातच असते. धाग्यांच्या वेटोळ्यांत हवा अडकते, ती अंगाची उष्णता धरून ठेवते. खरी लोकर मिळाली आणि परवडली तर घ्या, मात्र ती गरम पाण्यात घातली तर आटते.

विणलेल्या कपड्याचा एक गुण मात्र शिवलेल्याला नाही. तो सगळा एका लांब धाग्याची वेटोळी असतो, म्हणून टोक सापडले की पुन्हा धागा होतो. मुलगा वाढला, स्वेटर आखूड झाला, तर फेकू नका. शिवणी सोडवा, शेवट बंद केलेल्या बाजूने उसवा, खुर्चीच्या पाठीवर लोकर गुंडाळत चला, चार ठिकाणी बांधून लड करा, कोमट पाण्यात बुडवा आणि खाली थोडे वजन लावून टांगा. वळ्या जातात आणि लोकर पुन्हा विणायला तयार. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जुनी झाली त्यांना देऊ. आणि त्या जुन्यांचे? पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग फडकी, आणि फडकीही झिजली की मातीत कालवून जमीन सारवायची. राजा खूश झाला. आमच्या मते गादीच्या खोळीपर्यंत तो आपल्याच एखाद्या आजीशी बोलत असावा.

एक सूचना पुरुष बांधवांना. सुया हातात धरल्याने काही कमी होत नाही. युरोपात मध्ययुगानंतर विणकामाचे संघ होते आणि त्यांत पुरुष कारागीरच असत; वर्षानुवर्षे शिकल्याशिवाय उस्ताद होता येत नसे. १९६२ च्या युद्धात देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. आता कोणी आपल्या बायकोसाठी एक विणला तर आम्ही त्याचे नाव या सदरात छापू.

रंगाचा वाद आम्ही घालत नाही. निळा सर्वांनाच हवा असतो, पण विहारात पांढऱ्या साडीवर कोणताही शोभतो. तपकिरी घ्या, हिरवा घ्या, दोन उरलेल्या गुंड्यांचे पट्टे करा. फक्त लोकर एकदमच आणा, कारण पुढच्या खेपेला त्याच रंगाची छटा निघेलच असे नाही, आणि मग एक बाही वेगळी दिसते.

आणि माप घ्या. अंदाजाने नको, जुन्या स्वेटरवरून नको, तो तुमचा नव्हताच. छाती बगलेखालून, अंगावरच्या साडी-ब्लाउजवर, वर दोन इंच सैल. मग चार इंचांचा नमुना विणून त्यात टाके किती बसतात ते मोजा आणि त्यावरून पाठीचे टाके काढा. उंची मानेच्या हाडापासून कमरेखाली चार बोटे. खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाही खांद्याच्या टोकापासून, हात थोडा वाकवून, मनगटापर्यंत. एवढे सगळे एकटीला जमते, फक्त खांदा आणि बाही जमत नाही. त्यासाठी मुलाला हाक मारा, किंवा त्याच्या बाबांना. टेप त्यांच्या हातात द्या आणि सरळ उभ्या राहा.